ज्या-सारणी आणि अंकीय तरंग

१९७१ च्या मार्च महिन्यात अमेरिकेतील विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेच्या एका नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध झाला. जोसेफ टियर्नी, चार्ल्स रेडर आणि बर्नार्ड गोल्ड हे त्याचे लेखक. तिघेही मॅसॅच्युसेट्स राज्यातील लिंकन प्रयोगशाळेतले. अंकांच्या साहाय्याने हव्या त्या कंपनसंख्येचा तरंग निर्माण करणारे एक यंत्र त्यांनी बांधले होते आणि त्याची मांडणी व उपपत्ती ह्या निबंधात दिली होती. ह्या पद्धतीला पुढे डायरेक्ट डिजिटल सिंथेसिस, म्हणजे थेट अंकीय संश्लेषण, असे नाव पडले. आज रेडिओ संदेशवहनाच्या उपकरणांत, रडारमध्ये, रुग्णालयातील चुंबकीय चित्रणाच्या यंत्रांत आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील साध्या तरंगजनकात ही पद्धती वापरली जाते.

साहित्याला वाहिलेल्या ह्या पत्रिकेत अशा विषयाला जागा का द्यावी, असे काही वाचकांच्या मनात येईल. कारण असे की, ह्या यंत्राच्या पोटात जी सारणी असते ती ज्येची सारणी आहे. आणि त्या सारणीपर्यंत पोहोचण्याची यंत्राची जी रीत आहे, ती आमच्याकडील जुन्या पंचांगकर्त्याच्या रीतीशी पायरीपायरीने जुळते. हे साम्य कोठवर खरे आहे आणि कोठे संपते, ह्याचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे.

प्रथम यंत्राकडे पाहू. शुद्ध स्वराचा आलेख काढला असता जी मऊ, एकसारखी वरखाली जाणारी रेषा मिळते तिला ज्यातरंग म्हणतात. इंग्रजी शिक्षणामुळे ‘साइन वेव्ह’ हा शब्द अधिक रुळला आहे. असा तरंग विजेच्या मंडलातून काढावयाचा तर पूर्वी एकच मार्ग होता. काहीतरी प्रत्यक्ष आंदोलित करावयाचे. तारेचे वेटोळे आणि धारित्र ह्यांच्यामध्ये ऊर्जा हेलकावत ठेवावयाची, किंवा क्वार्ट्‌झच्या पातळ चकतीला कंपित करावयाचे. १९३९ मध्ये विल्यम ह्यूलेट ह्यांनी आपल्या पहिल्या ध्वनि-आंदोलकात तरंगाची उंची स्थिर राखण्यासाठी विजेचा साधा छोटा दिवा वापरला होता. तरंग वाढला की दिव्याची तार तापते, तिचा रोध वाढतो आणि तरंग आवरला जातो. ह्या आंदोलकाच्या पुढील आवृत्तीचे आठ नग वॉल्ट डिस्ने ह्यांच्या कंपनीने ‘फॅन्टेझिया’ ह्या चित्रपटाच्या ध्वनिव्यवस्थेसाठी विकत घेतले. युक्ती सुंदर होती. परंतु असे आंदोलक उष्णतेने, वयाने किंचित सरकत राहतात. क्वार्ट्‌झ सरकत नाही, पण मग तो आपली कंपनसंख्या बदलूही देत नाही. स्थैर्य आणि लवचीकता एकाच वेळी मिळावी म्हणून अभियंत्यांनी अनेक दशके खटाटोप केला.

अंकीय पद्धतीत तरंगासाठी काहीच हेलकावत नाही. एक स्थिर ठेका देणारे घड्याळ असते. प्रत्येक ठोक्याला एका नोंदवहीतील आकड्यात एक ठरावीक आकडा मिळविला जातो. ही नोंदवही वर्तुळासारखी आहे अशी कल्पना करावी. तिची कमाल मर्यादा म्हणजे एक पूर्ण प्रदक्षिणा. मर्यादा ओलांडली की पूर्ण प्रदक्षिणा गळून पडते आणि केवळ बाकी उरते. ही बाकी म्हणजे वर्तुळावर आपण आता कोठे आहोत ते स्थान. त्या स्थानाशी संबंधित ज्या सारणीतून वाचावयाची, तो आकडा विद्युत् दाबात रूपांतरित करावयाचा आणि मिळालेल्या पायऱ्या एका गाळणीतून गुळगुळीत करून घ्यावयाच्या. कंपनसंख्या बदलावयाची असल्यास प्रत्येक ठोक्याला मिळवावयाचा आकडा तेवढा बदलला की पुरे.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. एडी ९८५० ह्या प्रसिद्ध चिपमध्ये नोंदवही बत्तीस बिटांची आहे, म्हणजे एका प्रदक्षिणेचे ४,२९,४९,६७,२९६ भाग केलेले आहेत. घड्याळ सेकंदाला साडेबारा कोटी ठोके देऊ शकते. सेकंदाला हजार कंपने हवी असतील तर प्रत्येक ठोक्याला ३४,३६० हा आकडा मिळवावा लागतो. त्यात एकाची वाढ केली तर कंपनसंख्या सुमारे ०.०२९ हर्ट्‌झने वाढते. जुन्या आंदोलकाची खुंटी कितीही हळुवारपणे पिळली तरी एवढी सूक्ष्म आणि पुन्हा नेमकी तीच साधणारी वाढ हाती लागली नसती.

आता पंचांगकर्त्याकडे वळू. आर्यभटाने ‘आर्यभटीय’ इ.स. ४९९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी रचले. त्यातील गणिताप्रमाणे एका महायुगात सूर्य ४३,२०,००० प्रदक्षिणा करतो आणि तेवढ्या काळात १,५७,७९,१७,५०० सावन दिवस होतात. दोन्ही संख्यांना ७,५०० ने भाग दिला की २,१०,३८९ दिवसांत ५७६ प्रदक्षिणा असे आटोपशीर गुणोत्तर मिळते. हेच संक्षिप्त आकडे पुढे पहिल्या भास्कराच्या ग्रंथांत येतात. मध्यम सूर्य काढण्याची रीत अशी. आरंभदिनापासून किती दिवस गेले ते मोजावयाचे. ह्या संख्येला अहर्गण म्हणतात. अहर्गणाला ५७६ ने गुणावयाचे, २,१०,३८९ ने भागावयाचे, जे पूर्ण भगण येतील ते सोडून द्यावयाचे आणि बाकीवरून राशी, अंश, कला काढावयाच्या.

अहर्गण १,००० आहे असे समजू. गुणाकार ५,७६,००० होतो. त्यात दोन पूर्ण भगण बसतात आणि बाकी १,५५,२२२ उरते. वर्तुळाच्या हिशेबात हे झाले सुमारे २६५ अंश ३६ कला. येथे ठोका दिवसाचा आहे, मिळवावयाचा आकडा ५७६ आहे आणि नोंदवहीची मर्यादा २,१०,३८९ आहे. यंत्रातील मर्यादा दोनाच्या घाताची असते, कारण तसे केल्याने पूर्ण प्रदक्षिणा टाकून देण्यासाठी भागाकार करावाच लागत नाही. एवढाच काय तो ह्या पायरीवरचा फरक.

पुढील पायऱ्याही जुळतात. सूर्याच्या मध्यम स्थानातून मंदोच्च वजा करावयाचे. आर्यभटाच्या मते सूर्याचे मंदोच्च ७८ अंशांवर आहे. उरलेले १८७ अंश ३६ कला हे केंद्र. आधुनिक चिपमध्येही बाकीत एक स्थिर आकडा मिळवून तरंग मागेपुढे सरकविण्याची सोय असते. नंतर पद पाहावयाचे. वर्तुळाची चार पदे. विषम पदात जेवढा भाग चालून झाला तो भुज आणि सम पदात जेवढा चालावयाचा राहिला तो भुज. आपले केंद्र तिसऱ्या पदात असल्याने भुज ७ अंश ३६ कला, म्हणजे ४५६ कला. आता सारणी. आर्यभटाच्या सारणीत एक घर २२५ कलांचे. ४५६ मध्ये दोन घरे संपून ६ कला उरतात. दोन घरांची ज्या ४४९ आणि पुढील घरातील वाढ २२२. तेव्हा सहा कलांपुरती वाढ त्रैराशिकाने सुमारे ६. ज्या झाली ४५५. तिला सूर्याच्या मंदपरिधीने, म्हणजे साडेतेराने, गुणून ३६० ने भागले की १७ कला हे मंदफल येते. केंद्र सहा राशींहून अधिक असल्याने ते धन.

चिपमध्ये नेमके हेच घडते. बाकीच्या आकड्यातील सर्वांत वरचे दोन बिट पद सांगतात. त्यांपैकी एक बिट सारणी सुलट वाचावयाची की उलट, हे ठरवितो. दुसरा फल धन की ऋण, हे ठरवितो. त्यामुळे संपूर्ण वर्तुळाची सारणी ठेवण्याऐवजी एका पदाची ठेवून भागते. सिलिकॉनच्या इवल्याशा तुकड्यावरील जागा महाग असते; ताडपत्रावरील आणि त्याहूनही विद्यार्थ्याच्या स्मरणातील जागा तितकीच महाग होती. अभियंते अशा सारणीच्या कोठाराला केवळ वाचता येणारी स्मृती म्हणतात. स्मृती हा शब्द येथे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. आणखी एक शब्दयोग सांगून पुढे जाऊ. वर्तुळाच्या अंशाचा साठावा भाग म्हणजे कला. आणि मराठी भौतिकशास्त्राच्या परिभाषेत तरंगाचे आवर्तनातील स्थान, ज्याला इंग्रजीवरून फेज म्हणतात, त्यालाही कला हाच शब्द योजला गेला आहे. परिभाषा बनविणाऱ्यांनी तो चंद्राच्या कलांवरून घेतला असावा. पण बसला तो नेमका.

खुद्द सारणी कशी होती ते पाहण्यासारखे आहे. आर्यभटाने पदाचे चोवीस भाग केले आणि त्रिज्या ३,४३८ कला घेतली. परिघाच्या २१,६०० कलांवरून ती येते. पण त्याने ज्या दिल्याच नाहीत, ज्यांमधील अंतरे दिली: २२५, २२४, २२२, २१९, २१५, २१० अशी उतरत जाणारी, शेवटी ३७, २२ आणि ७. अक्षरांना संख्यामूल्य देण्याची स्वतःची पद्धत वापरून त्याने ही चोवीस अंतरे एका श्लोकात बसविली. सर्वांची बेरीज नेमकी ३,४३८ येते. पहिल्या आठांची १,७१९, म्हणजे तीस अंशांची ज्या त्रिज्येच्या बरोबर निम्मी. पाठांतरात चूक झाली तर ती ह्या बेरजांनी लगेच उघडी पडते. आम्ही एक हिशेब करून पाहिला. ह्या चोवीस ज्या आजच्या बिटांत लिहावयाच्या तर प्रत्येकीला बारा बिट लागतील, कारण ३,४३८ हा आकडा त्याहून कमीत मावत नाही. अंतरांना मात्र आठ बिट पुरतात. सर्वांत मोठे अंतर २२५ आहे आणि आठ बिटांत २५५ पर्यंत आकडे बसतात. म्हणजे अंतरे साठविल्याने एकतृतीयांश जागा वाचते. आर्यभटाला बिटांशी कर्तव्य नव्हते. अक्षरे वाचविणे त्याला हवे होते. परंतु काटकसरीचे गणित माध्यम बदलले म्हणून बदलत नाही.

सारणी लहान ठेवून मधल्या जागा हुशारीने भरण्याचा उद्योग पुढे चालूच राहिला. ब्रह्मगुप्ताने ‘खंडखाद्यका’त (इ.स. ६६५) त्रिज्या १५० घेऊन केवळ सहा अंतरे ठेवली: ३९, ३६, ३१, २४, १५ आणि ५. एवढ्या विरळ सारणीत साधे त्रैराशिक चुकीचे ठरते, म्हणून त्याने लगतच्या दोन अंतरांमधील फरकही हिशेबात घेणारा नियम दिला. दुसऱ्या भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’त (इ.स. ११५०) चोवीस घरांच्या सारणीबरोबरच दहा दहा अंशांची लघुज्या-सारणीही दिली आहे, तिची त्रिज्या १२०, अंतरे अवघी नऊ. ज्याला जेवढी सूक्ष्मता हवी त्याने तेवढी घ्यावी.

चिपच्या जगातही असेच झाले. पदाचे ४,०९६ भाग केले तर ४,०९६ ज्या साठवाव्या लागतात. १९८४ मध्ये सन्डरलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मार्ग प्रसिद्ध केला. स्थानाचा आकडा स्थूल, मध्यम आणि सूक्ष्म अशा तीन तुकड्यांत तोडून त्यांनी दोन लहान सारण्या केल्या, २५६ घरांची एक आणि तेवढ्याच घरांची दुसरी. पहिलीतून ढोबळ ज्या, दुसरीतून तिच्यातील किरकोळ भर. दोहोंची बेरीज म्हणजे उत्तर. शिवाय दुसऱ्या सारणीतील आकडे लहान, त्यामुळे त्यांना बिटही थोडे. ‘ढोबळ ज्या आणि वरची भर’ ही कल्पना लघुज्येवर काम करणाऱ्या कोणाही जोशीबुवांना समजावून सांगावी लागली नसती.

सारणीच नको, असे म्हणणारेही दोन्हीकडे निघाले. पहिल्या भास्कराने (सातवे शतक) ‘महाभास्करीया’त सारणीवाचून ज्या काढण्याचा एक नियम दिला आहे. अंश आणि १८० मधून वजा जाता उरलेले अंश ह्यांचा गुणाकार करावा. त्याच्या चौपटीला, ४०,५०० मधून तोच गुणाकार वजा करून येणाऱ्या संख्येने भागावे. आलेले फल त्रिज्येने गुणावे. ह्या नियमातील चूक त्रिज्येच्या हजारांशात दोन भागही भरत नाही. वर सांगितलेल्या चिपमध्ये तरंगाची पूर्ण उंची १,०२४ पायऱ्यांत विभागलेली असते. भास्कराची मोठ्यात मोठी चूक त्यांतील एका पायरीहून किंचित कमीच भरते.

ह्या नियमाचे सर्वांत मोठे चीज आमच्या कोकणात झाले, असे आमचे मत आहे. मुरूडजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ ह्यांनी इ.स. १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ रचले आणि त्यातून ज्या व चाप ही दोन्ही प्रकरणे पार काढून टाकली. रविमंदफलासाठी त्यांचा नियम असा: भुजांशांचा नववा भाग घ्यावा; तो २० मधून वजा करून उरलेल्याला त्यानेच गुणावे; ह्या गुणाकाराचा नववा भाग ५७ मधून वजा करून येणाऱ्या संख्येने गुणाकाराला भागावे. आपल्या उदाहरणातील ७ अंश ३६ कला भुज ह्या नियमात घातला तर मंदफल साडेसतरा कला येते. आर्यभटाची सारणी वापरून आपणांस १७ मिळाले होते. मुळाशी रचना पहिल्या भास्कराच्या सूत्राचीच आहे, पण ती पाटीवर चुटकीसरशी होईल अशा आकड्यांत आणून ठेवणे हे गणेशांचे कौशल्य. आणखी एक युक्ती त्यांनी केली. अहर्गण वर्षानुवर्षे वाढत जाऊन अवजड होतो, म्हणून ४,०१६ दिवसांचे, म्हणजे जवळजवळ अकरा वर्षांचे, एक चक्र मानून पूर्ण चक्रे वेगळी काढली. हाती उरला तो नेहमीच लहान आकडा. महाराष्ट्र, कर्नाटक आणि गुजरात ह्या प्रदेशांत कित्येक पिढ्यांनी पंचांगे केली ती ह्या ग्रंथावर. ज्योतिषाच्या इतिहासात त्याचे वर्णन कधी कधी ‘व्यवहारोपयोगी करणग्रंथ’ एवढ्यावरच संपते. सारणीशिवाय ज्या काढणारी मंडले बांधण्यासाठी आजही किती विद्वत्ता खर्ची पडते हे पाहिले की, ते वर्णन अपुरे वाटू लागते. १९५९ मध्ये जॅक व्होल्डर ह्यांनी एका बाँबफेकी विमानाच्या दिग्दर्शक संगणकासाठी कॉर्डिक नावाची जी रीत प्रसिद्ध केली, तिचे सारे महत्त्व हेच की, ती केवळ बेरीज, वजाबाकी, अंक सरकविणे आणि एक चिमुकली सारणी एवढ्यावर ज्या काढून देते. तिचा मार्ग गणेश दैवज्ञांहून अगदी निराळा आहे. गरज मात्र तीच.

तिसरा एक मार्ग उरतो. मागच्या ज्यांवरून पुढची ज्या काढत जावयाचे. आर्यभटाच्या गणितपादातील नियमाचा प्रचलित अर्थ असा की, प्रत्येक अंतर आधीच्या अंतरापेक्षा जेवढ्याने कमी होते ती घट त्या स्थानच्या ज्येला २२५ ने भागून मिळते. २२५ नंतर २२४, मग ४४९ ला २२५ ने भागून २, म्हणून २२२, असे पुढे. अंकीय तरंगांचे आजचे अभ्यासक ज्याला आवर्ती आंदोलक म्हणतात त्याचे समीकरण हेच. मात्र ह्या नियमाने काटेकोर चालत गेले तर सातव्या अंतरालाच सारणीतील २०५ ऐवजी २०४ येऊ लागतात. भाजक किंचित चुकीचा आहे. केरळातील नीलकंठ सोमयाजींनी इ.स. १५०० च्या सुमारास त्याच्या जागी २३३½ घेतला आणि आजच्या गणितानेही तो तेवढाच येतो. त्याच केरळ परंपरेतील माधवाने त्याआधी शतकभर चोवीस ज्या कलेच्या साठाव्या भागाच्याही साठाव्या भागापर्यंत नेल्या होत्या. त्याची त्रिज्या ३,४३७ कला, ४४ विकला आणि वर ४८ भाग.

भास्कराचार्यांनी ‘ज्योत्पत्ति’ ह्या प्रकरणात एकेका अंशाने पुढे जाण्याचा नियम दिला आहे. भुजज्येतून तिचाच ६,५६९ वा भाग वजा करावा आणि कोटिज्येला दहाने गुणून ५७३ ने भागून येणारे फल त्यात मिळवावे. एक अंश पुढची ज्या मिळते. भुजज्या आणि कोटिज्या एकमेकींना आधार देत वर्तुळावर चालत जातात. सूक्ष्मता चांगली आहे, कारण ६,५६९ च्या ठिकाणी आजच्या गणिताने ६,५६६ येतात. भास्कराचार्यांना नव्वद पावले चालावयाची होती, तेवढ्यात चूक साचत नाही. यंत्राला सेकंदाला कोट्यवधी पावले चालावयाची असतात. प्रत्येक पावलाला शेवटचा अंक कापावा लागतो, कापलेले कण साचत जातात आणि तरंग हळूहळू फुगतो किंवा विरतो. म्हणून दीर्घकाळ चालणाऱ्या तरंगासाठी यंत्रबांधणीत सारणीची पद्धत वरचढ ठरली. नोंदवहीतील बेरीज पूर्णांकांची असते, तीत काही कापले जात नाही. सारणीतील आकडा चुकला तरी तो तेथेच चुकतो, पुढील पावलावर त्याचे ओझे पडत नाही.

एवढे साम्य दाखविल्यावर एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आमचे कर्तव्य आहे. ‘ज्योत्पत्ति’पासून लिंकन प्रयोगशाळेपर्यंत कोणताही धागा नाही. टियर्नी, रेडर आणि गोल्ड अंकीय संकेतशास्त्राच्या स्वतःच्या परंपरेत काम करीत होते; रेडर आणि गोल्ड ह्यांचा त्या विषयावरचा ग्रंथ १९६९ मध्येच निघाला होता. त्याही आधी, १९५७ मध्ये, बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज ह्यांनी संगणकाकडून संगीत वाजवून घेतले होते आणि त्यानंतरच्या काही वर्षांत तरंग सारणीतून वाचण्याची युक्ती त्यांनी वापरात आणली होती. आमच्या सांस्कृतिक व्यासपीठांवरून अलीकडे असे साम्य आढळले की लगेच ‘हे सर्व आपल्याकडे होतेच’ असा निकाल दिला जातो. ह्या निकालात आम्हांस दोन अन्याय दिसतात. पहिला अभियंत्यांवर, हे उघडच आहे. दुसरा आर्यभट आणि गणेश दैवज्ञ ह्यांच्यावर. त्यांनी जे खरोखर केले ते जाणून घेण्याची गरजच त्या घोषणेने संपते. श्लोकातील अंतरांची बेरीज करून पाहण्याचे कष्ट त्या घोषणेनंतर कोण घेणार?

देवाणघेवाण झाली ती शब्दाची आणि सारणीची, आणि ती फार जुनी आहे. धनुष्याचे चाप आणि त्याची दोरी ती ज्या, ही आमची प्रतिमा. ज्येचा पर्याय जीवा. अरबी भाषेत हा शब्द उच्चारानुसार ‘जीब’ असा गेला. अरबी लेखनात ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, म्हणून तीच अक्षरे ‘जैब’ अशी वाचली गेली. जैब म्हणजे वस्त्राचा उरावरील घोळ. बाराव्या शतकातील लॅटिन भाषांतरकारांनी त्याच अर्थाचा ‘सायनस’ हा शब्द योजला आणि त्याचे पुढे साइन झाले. अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीजवळ दुसऱ्या शतकात पूर्ण जीवांची सारणी होती, हेही विसरता येत नाही. ग्रीक ज्योतिषाचे काही संस्कार आमच्या सिद्धान्तांवर झाले आहेत. पूर्ण दोरीऐवजी अर्धी दोरी घेतली की सारे गणित सुटसुटीत होते, हे ओळखणे मात्र येथले.

हा वारसा आधुनिक काळात हाती आला तो घोषणांनी नव्हे. गोव्यातील मांद्रे गावी जन्मलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनी आर्यभट ते भास्कराचार्य ह्यांच्या काळाविषयी आणि ग्रंथांच्या अस्सलपणाविषयी आपला शोधनिबंध १८६५ मध्ये प्रसिद्ध केला. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखही त्यांनीच विद्वानांपुढे आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव ह्यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची इ.स. १२०७ ची ती नोंद आहे. माळव्यात, भोपाळजवळच्या सिहोर येथे, लॅन्सलॉट विल्किन्सन ह्या इंग्रज अधिकाऱ्याने ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या गोलाध्यायाचे भाषांतर केले. ते तपासून १८६१ मध्ये प्रकाशित करविले ते मराठी पंडित बापूदेव शास्त्री ह्यांनी. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचे ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ १८९६ चे. जिथे ग्रीकांचे ऋण मानावेसे वाटले तिथे ते मानावे आणि जिथे वाटले नाही तिथे कारणे द्यावीत, ही त्यांची शिस्त आजही त्या ग्रंथात वाचावयास मिळते. तो ग्रंथ मराठीत लिहिला गेला, ह्याचा अभिमान आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.

आता साम्य कोठे संपते ते पाहू. आर्यभटाची ज्या ही अवकाशातील रेषा आहे. ती कालाबरोबर वरखाली जाणारा तरंग नव्हे. ज्येकडे तरंग म्हणून पाहण्याची दृष्टी युरोपात अठराव्या शतकात, ताणलेल्या तारेच्या कंपनाचा अभ्यास चालू असताना आली. आणि कोणताही गुंतागुंतीचा तरंग अशा साध्या तरंगांची बेरीज म्हणून मांडता येतो, हे फूरिए ह्यांनी १८२२ च्या ग्रंथात मांडले. ती दृष्टी नसती तर सारणीतून तरंग काढावा असे कोणाच्या मनात येण्याचे कारणच नव्हते. तसेच पंचांगात सारणीपाशी काम संपते. यंत्रात सारणीनंतरही बरेच उरते. अंक सुटे असतात. त्यांतून मूळ तरंगाबरोबर त्याची नको असलेली प्रतिबिंबेही उमटतात आणि ती गाळणीने अडवावी लागतात. घड्याळाच्या वेगाच्या निम्म्याहून अधिक कंपनसंख्या ह्या रीतीने काढता येत नाही. प्रत्यक्षात चार दशांशांच्या आसपासच थांबतात. बाकीचे खालचे बिट सारणीत शिरताना सोडून द्यावे लागतात, त्याचेही बारीक उपस्वर उमटतात आणि ते कसे दाबावेत ह्यावर एक स्वतंत्र शास्त्र उभे राहिले आहे. पंचांगकर्त्याची कला-दोन कलांची चूक ग्रहणाच्या वेळी आकाशात दिसे आणि मग ग्रंथाला बीजसंस्कार द्यावा लागे. यंत्राला ताडून पाहण्यासाठी समोर आकाश नसते. त्याच्या सारणीत जे असेल तोच त्याचा तरंग.

एक गोष्ट मात्र दोघांनाही अंकांतून निर्माण करता आली नाही. ती म्हणजे ठोका. अंकीय यंत्राचा ठोका शेवटी एखाद्या क्वार्ट्‌झच्या चकतीतूनच येतो. ती सरकली तर सारणीतील प्रत्येक आकडा अचूक असूनही तरंग सरकतो. पंचांगकर्त्याचा ठोका होता लंका-उज्जयिनीच्या रेषेवरील सूर्योदय किंवा मध्यरात्र, म्हणजे पृथ्वीचे परिवलन. तेही पूर्णपणे एकसारखे नाही, हे विसाव्या शतकात निश्चित झाले. पुढे १९६७ मध्ये सेकंदाची व्याख्या सीझियमच्या अणूवर नेण्यात आली: ९,१९,२६,३१,७७० कंपनांचा एक सेकंद. सीझियमच्या घड्याळात ह्या कंपनसंख्येचे सूक्ष्मतरंग अणूंवर सोडून ते किंचित मागेपुढे सरकवीत नेमके जुळवून घ्यावे लागतात. ते सरकविण्याचे काम आजच्या अनेक घड्याळांत थेट अंकीय संश्लेषणाचे मंडल करते, आणि त्याच्या पोटात एका पदाची ज्या-सारणी असते.